तिसरा पोडियम कुठं ठेवलात? प्रेसिडेन्शियल डिबेट कमिशनला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
कमिशन ऑन प्रेसिडेन्शियल डिबेट्स,
वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

तुमच्या संस्थेच्या नावातल्या पहिल्याच शब्दानं मला फसवलं, तिथूनच सुरुवात करते. 1991 च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकायला आले. भारतात तेव्हा शेषनसाहेबांच्या निवडणूक आयोगाचा दरारा नुकताच सुरू झाला होता. त्यामुळं 'कमिशन' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घटनेनं नेमलेलं, दोन्ही बाजूंना दटावणारं काहीतरी आलं. तुम्ही तसे नाही, हे कळायला मला एक अख्खी निवडणूक लागली. 1987 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष पॉल कर्क आणि रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष फ्रँक फॅरेनकॉफ या दोघांनी मिळून काढलेली, अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या जाहीर वादचर्चा म्हणजे डिबेट भरवणारी ही खासगी संस्था. दोघंही आपापल्या पक्षाच्या खुर्चीत बसूनच तुमचे सहअध्यक्ष झाले. मराठीत 'कमिशन' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक आयोग आणि दुसरा दलाली. तुम्हाला कुठला लावायचा, यावर आमच्या घरात तीस वर्षं वाद चालू आहे.

हे पत्र मराठीत का, असं विचाराल. इंग्रजीतलं छोटं पत्र तुम्हाला वेगळं पाठवलं आहे आणि त्याचं काय होणार ते मला माहीत आहे. हे लांबलेलं पत्र खरं तर माझ्यासारख्या, पासपोर्ट बदललेल्या पण मतदानाला जाताना अजूनही मनात मराठीत हिशोब करणाऱ्या माणसांनी तुमच्या खांद्यावरून वाचावं म्हणून लिहिते आहे.

1992 चा सप्टेंबर आठवतोय का? 22 तारखेला आमच्या ईस्ट लान्सिंगच्या कॅम्पसवर पहिली डिबेट व्हायची होती. तुम्ही सुचवलेला एकाच सूत्रसंचालकाचा प्रकार तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश यांच्या प्रचारमंडळाला पसंत नव्हता. ते आले नाहीत आणि कार्यक्रम रद्द झाला. डेमोक्रॅटिक उमेदवार क्लिंटन मात्र त्या दिवशी मुद्दाम येऊन भाषण करून गेले. त्यानंतर बुश जातील तिथं कोंबडीचा पोशाख घातलेली माणसं दिसू लागली. इथं भित्र्याला कोंबडी म्हणतात, आपण भागूबाई म्हणतो. मला एवढं कळलं की या देशात अध्यक्षालाही डिबेट टाळणं महागात पडतं, आणि ते मला फार आवडलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला रॉस पेरो परत आले. 'परत' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजच्या तरुणांना हे नावच माहीत नसतं. टेक्सासचे अब्जाधीश, बुटके, मोठ्या कानांचे, चिरक्या आवाजाचे. संगणकसेवेची आपली कंपनी 1984 मध्ये जनरल मोटर्सला अडीच अब्ज डॉलरना विकून ते मोटर्सच्या संचालक मंडळावर बसले. तिथं इतकं भांडले, की दोन वर्षांत मोटर्सनं सुमारे 70 कोटी डॉलर देऊन त्यांना बाहेर काढलं. त्यामुळं आमच्या मिशिगनमध्ये ते नाव आधीपासूनच घरोघरी होतं. फेब्रुवारी 1992 मध्ये टीव्हीवरच्या लॅरी किंगच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात ते म्हणाले, सर्व 50 राज्यांत लोकांनी सह्या गोळा करून माझं नाव मतपत्रिकेवर आणलं, तर मी उभा राहीन. लोक खरोखरच दुकानांबाहेर टेबलं टाकून सह्या घ्यायला बसले. जूनमध्ये गॅलप या संस्थेच्या मतचाचणीत पेरो 39, बुश 31, क्लिंटन 25, असा आकडा आला. आईनं एरोग्राममध्ये विचारलं होतं, "तो पेरूवाला निवडून येतोय म्हणे?"

पेरूवाला 16 जुलैला निवडणुकीच्या रिंगणातून पळाला. नेमका क्लिंटन यांच्या अधिवेशनातल्या भाषणाच्या दिवशी. ऑक्टोबरच्या शेवटी त्यानं कारण सांगितलं, की रिपब्लिकन लोक माझ्या मुलीच्या लग्नात विघ्न आणणार होते. पुरावा काही दिला नाही. मी पेरोंची भक्त नव्हते, हे यावरून लक्षात घ्या. त्यांच्या बोलण्यात सावकाराची गुर्मी होती आणि जुलैमध्ये कृष्णवर्णीयांच्या सभेत त्यांनी श्रोत्यांना 'तुम्ही लोक' म्हणून जी शोभा केली, ती मी विसरलेले नाही. मला तेव्हा मत नव्हतं. असतं तरी त्यांना दिलं नसतं.

पण डिबेटमध्ये ते होते, आणि त्या नऊ दिवसांत या देशानं जे पाहिलं ते पुन्हा पाहिलं नाही. ऑक्टोबरच्या 11, 13, 15 आणि 19 तारखा. सेंट लुईसमध्ये अनुभवाचा प्रश्न निघाला तेव्हा पेरो म्हणाले की चार लाख कोटी डॉलरचं कर्ज करून ठेवण्याचा अनुभव मला नाही, हे खरं. पेट्रोलवरचा कर वाढवण्याच्या त्यांच्या योजनेवर बोलणं आलं तेव्हा म्हणाले, यापेक्षा न्याय्य उपाय कुणाकडं असेल तर सांगा, आणि इंग्रजीत 'मी ऐकायला तयार आहे' असं म्हणताना 'मी सगळा कानच आहे' असा जो वाक्प्रचार येतो तो वापरला. त्या कानांकडं बघत सभागृह फुटलं. आमच्या वसतिगृहाच्या टीव्हीसमोर बसलेली बंगाली मैत्रीण खुर्चीतून पडायची बाकी होती.

13 तारखेला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेट झाली. पेरोंचे सोबती अ‍ॅडमिरल स्टॉकडेल व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी होते. सुरुवातीलाच "मी कोण? मी इथं कशाला?" असं विचारून त्यांनी स्वतःचं हसं करून घेतलं. गोर आणि क्वेल यांच्यासारखे मुरलेले दोघं समोर, आणि मधे हा वृद्ध, तत्त्वज्ञान वाचलेला सैनिक. लोक हसले, मला वाईट वाटलं. पण तिसऱ्या उमेदवाराला मंच दिला म्हणून त्याचं कमकुवत अंगही उघडं पडलं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं तिच्याकडं येणार आहे.

रिचमंडची 15 तारखेची डिबेट ही त्या सगळ्यातली खरी. गॅलपनं निवडलेले, मत न ठरलेले 209 सामान्य लोक गोलाकार बसले होते. एका बाईनं विचारलं की राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? पेरो म्हणाले, त्यामुळंच तर धंदा सोडून इथं उभा आहे. बुश यांना प्रश्नच उमगेना. क्लिंटन चार पावलं पुढं जाऊन त्या बाईशी बोलू लागले. त्याच संध्याकाळी बुश घड्याळाकडं बघताना कॅमेऱ्यात सापडले. क्लिंटन यांचं ते चालणं आणि बुश यांचं ते घड्याळ आजही सगळे सांगतात. त्या बाईच्या तोंडी 'राष्ट्रीय कर्ज' हे शब्द कुठून आले, ते कुणी सांगत नाही. तिला म्हणायचं होतं मंदीबद्दल. पण तो शब्द त्या महिन्यात हवेत होता, कारण एक माणूस स्वतःच्या पैशानं अर्ध्या अर्ध्या तासाची वेळ विकत घेऊन, हातात छडी धरून, शाळामास्तरासारखा टीव्हीवर तुटीचे तक्ते समजावत बसला होता. तक्ते! आणि पहिल्याच कार्यक्रमाला दीड कोटीहून जास्त लोक बसले. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून मोठा सण कुठला?

शेवटची डिबेट 19 तारखेला आमच्याकडंच, व्हार्टन सेंटरमध्ये झाली. मला तिकीट मिळालं नाही. बाहेर थंडीत उभी राहिले. शेजारी मोटारींच्या कारखान्यातला एक कामगार होता. त्या फेब्रुवारीत विलो रनचा कारखाना बंद करून काम टेक्सासला न्यायची घोषणा झाली होती, आणि अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या नाफ्ता या मुक्त व्यापार कराराखाली नोकऱ्या मेक्सिकोकडं ओढल्या जाण्याचा 'सूंऽऽ' आवाज ऐकू येईल, असं पेरो चारच दिवसांपूर्वी म्हणाले होते. तो कामगार मला म्हणाला, "आमच्याबद्दल बोलणारा आत एकच आहे, आणि तोही कोट्यधीश." त्यानं कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही.

निकाल तुम्हाला पाठ असेल. क्लिंटन 43 टक्के, बुश साडेसदतीसच्या आसपास, पेरो जवळपास 19 टक्के. एक कोटी 97 लाख मतं आणि राज्यवार मतांनी अध्यक्ष ठरवणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमध्ये भोपळा. मेनमध्ये ते बुश यांच्या पुढं, युटामध्ये क्लिंटन यांच्या पुढं दुसरे आले. डिबेट सुरू होण्याआधी चाचण्यांत त्यांचा आकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून खालीच होता. मतदानाच्या वयाच्या लोकांपैकी 1988 मध्ये जेमतेम 50 टक्क्यांनी मत दिलं होतं, 1992 मध्ये ते 55 वर गेलं. एका कारणाला सगळं श्रेय द्यायचं नसतं, हे मी पहिल्या सत्रात शिकले आहे. पण डिबेट बघायला सहा-सात कोटी लोक बसत होते, हा आकडा तुमच्याच दप्तरी आहे. आणि पेरोंनी बुश यांना पाडलं, ही कैफियतही मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीत टिकली नाही. त्यांचे मतदार पेरो नसते तर निम्मे इकडं, निम्मे तिकडं गेले असते.

आता 1996.

पेरो पुन्हा उभे राहिले, या वेळी रिफॉर्म पार्टीकडून. पुन्हा सर्व 50 राज्यांच्या मतपत्रिकांवर. मागच्या वेळच्या मतांमुळं कायद्यानं त्यांना सरकारी तिजोरीतून 2 कोटी 90 लाख डॉलर मिळाले. सप्टेंबरच्या 17 तारखेला तुम्ही जाहीर केलं की पेरो यांना निवडून येण्याची 'वास्तव शक्यता' नाही, म्हणून डिबेटमध्ये जागा नाही. हार्वर्डचे रिचर्ड न्यूस्टाट यांची समिती होती, एकमत होतं, सगळं रीतसर होतं. पेरो कोर्टात गेले, हरले. हार्टफर्ड आणि सॅन डिएगोत दोनच पोडियम मांडले गेले.

वास्तव शक्यता! एका वाक्यात दोन प्रश्न. 1992 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना निवडून येण्याची शक्यता होती असं तुम्हाला मनापासून वाटलं होतं? आणि नसेल, तर तेव्हा का घेतलंत?

उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. 1992 मध्ये बुश आणि क्लिंटन, दोघांच्याही छावणीला पेरो हवे होते. तो समोरच्याची मतं खाईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. 1996 मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल यांना ते नकोच होते आणि पुढं असलेल्या क्लिंटन यांना डिबेट होऊन न झाल्यासारखी हवी होती. हे मी नाही, क्लिंटन यांचे सल्लागार जॉर्ज स्टेफनॉपोलस यांनी निवडणुकीनंतर हार्वर्डमधल्या चर्चेत सांगितलं आहे. म्हणजे दाराशी तुम्ही उभे होता, पण किल्ली त्या दोघांच्या खिशात होती. 1996 ची पहिली डिबेट बघायला साडेचार कोटींच्या जरा वर लोक बसले, दुसरीला साडेतीन कोटींच्या जरा वर. मतदान 49 टक्क्यांवर आलं, 1924 नंतरचं सर्वांत कमी. पेरोंना 8.4 टक्के मिळाले, आणि तुम्ही म्हणालात, बघा, बरोबर होतो की नाही! ज्याला पंगतीला बसूच दिलं नाही, तो उपाशी राहिला म्हणून त्याला भूकच नव्हती, असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही.

तुमच्या आधी डिबेट भरवणाऱ्या लीग ऑफ विमेन व्होटर्स या संस्थेला हे आधीच दिसलं होतं. 1976 पासून त्या बायकांनी डिबेट भरवल्या. 1980 मध्ये अपक्ष जॉन अँडरसन यांना बोलावलं म्हणून कार्टर रुसले, तर लीगनं बाल्टिमोरमध्ये रेगन आणि अँडरसन या दोघांचीच डिबेट घेतली. राष्ट्राध्यक्षाविना! 1988 मध्ये बुश आणि डुकाकिस यांच्या माणसांनी 16 पानी करार लीगपुढं टाकला. प्रश्न कोण विचारणार, प्रेक्षकांत कोण बसणार, सगळं आधीच ठरवून. अमेरिकी जनतेच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात आम्ही सामील होणार नाही, असं सांगून लीग बाहेर पडली. त्या रिकाम्या जागेवर तुम्ही बसलात. तुमच्या पुरस्कर्त्यांत बिअर बनवणारी अ‍ॅनहायझर-बुश होती. तुमचे फॅरेनकॉफ तर 1995 पासून कितीतरी वर्षं कॅसिनोवाल्यांच्या संघटनेचेही प्रमुख होते. यात बेकायदा काही नाही. मला फक्त सांगलीतल्या एका काकांची आठवण होते, ते नाट्यस्पर्धेचे परीक्षकही असत आणि दोन्ही प्रमुख संस्थांचे खजिनदारही.

1996 च्या बोभाट्यानंतर तुम्ही 2000 च्या जानेवारीत नियम केला. पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी 15 टक्के असेल तर आत. आकडा आला की निःपक्षपातीपणा आला, असं लोकांना वाटतं. माझं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं, म्हणून मला ते वाटत नाही. हजारेक लोकांच्या चाचणीत पंधराचा आकडा दोनेक टक्क्यांनी इकडं-तिकडं होतो, हा त्यातला लहान दोष, पाचांची सरासरी घेतली की तो बराचसा जातो. मोठा दोष सरासरीनं जात नाही. मतदानाला येण्याची शक्यता असलेला माणूस कोण, हे चाचणी घेणारे ठरवतात, आणि गेल्या वेळी घरी बसलेला माणूस त्यात सहसा धरला जात नाही. तिसरा उमेदवार ज्याला घराबाहेर काढू शकतो, नेमका तोच मोजला जात नाही.

उदाहरण हवं? मिनेसोटा, 1998. गव्हर्नरपदासाठी रिफॉर्म पार्टीचा जेसी व्हेंचुरा, माजी कुस्तीवाला. आमच्या सांगलीच्या तालमीतली कुस्ती नव्हे, टीव्हीवरची. चाचण्यांत तो दहाच्या आसपास. डेमोक्रॅट हम्फ्री यांनी आग्रह धरला की त्यालाही डिबेटमध्ये घ्या, रिपब्लिकनांची मतं खाईल. त्यानं दोघांचीही खाल्ली. 37 टक्के मिळवून गव्हर्नर झाला. तिथं मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं, त्याचा त्याला फायदा झाला. तुमची पट्टी लावली असती तर तो दारातच थांबला असता.

भारतात एक नियम आहे, त्याची थट्टा मीही केली आहे. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर उमेदवाराचं डिपॉझिट जप्त. म्हणजे साधारण साडेसोळा टक्के, तुमच्या पंधराच्या जवळच. पण जप्ती होते लोकांनी मत दिल्यावर. तुम्ही आधीच जप्त करता. इथल्या कायद्याचंही बघा. मागच्या निवडणुकीत 5 टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला सरकारी पैसा मिळू शकतो. जनतेच्या खिशातले कोट्यवधी डॉलर द्यायला पाच टक्के पुरतात आणि दीड तास बोलू द्यायला पंधरा लागतात, हे गणित मला कुठल्याच वर्गात कुणी शिकवलं नाही.

पेरोंसारखा माणूस मंचावर आला तर बिघडतं काय? फार तर 1993 च्या नोव्हेंबरमध्ये झालं ते. नाफ्तावर तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर लॅरी किंगच्या कार्यक्रमात त्यांच्यासमोर बसले आणि त्या एका संध्याकाळी पेरोंचा फुगा फुटला. चिडले, तक्रारी करत राहिले, लोकांनी पाहिलं. आठ दिवसांनी प्रतिनिधिगृहात नाफ्ता 234 विरुद्ध 200 नं मंजूर झाला. अ‍ॅडमिरल स्टॉकडेल यांचं मघाशी म्हटलं ते हेच. पोकळ उमेदवार ओळखायला मंच पुरेसा असतो, त्यासाठी दारावर माणूस लागत नाही. तुम्ही मात्र 3 ऑक्टोबर 2000 ला बॉस्टनमध्ये ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्या हातात बाजूच्या सभागृहाचं, नुसतं पडद्यावर बघण्याचं तिकीट असतानाही त्यांना आत जाऊ दिलं नाहीत.

आणि मग 2024 आलं. रिपब्लिकन पक्षानं दोन वर्षं आधीच तुमच्याशी काडीमोड घेतला होता. बायडेन आणि ट्रम्प यांनी परस्पर सीएनएनशी ठरवलं. तुम्ही आखलेल्या टेक्सास स्टेट, व्हर्जिनिया स्टेट, लाफायेत कॉलेज आणि युटा विद्यापीठातल्या चारही तारखा बुडाल्या. व्हर्जिनिया स्टेटचं मला खरंच वाईट वाटलं. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात अध्यक्षीय डिबेट पहिल्यांदाच होणार होती. सीएनएननं तुमची 15 टक्क्यांची पट्टी तेवढी उचलून नेली. तुम्हाला 'वास्तव शक्यता' उरली नाही असं त्या दोघांनी ठरवलं, आणि तुम्हाला अपील करायलाही जागा नव्हती. मी खोटं कशाला बोलू, ती बातमी वाचून मी चहा गरम करून घेतला आणि दुसऱ्यांदा वाचली.

पण हे पत्र टोमणे मारायला नाही. माझी एक मागणी आहे. दोन मोठे उमेदवार आता तसेही तुमच्याकडं येत नाहीत. म्हणजे त्यांची मर्जी सांभाळण्याचं तुमचं ओझंही गेलं. 2028 च्या सप्टेंबरमध्ये एक डिबेट जाहीर करा. निवडून यायला लागणारी 270 इलेक्टोरल मतं मिळू शकतील इतक्या राज्यांच्या मतपत्रिकांवर ज्यांचं नाव आहे, त्या सगळ्यांना बोलवा. चाचण्या नकोत, सरासरी नको. अलीकडच्या निवडणुकांत असे चार-पाचजणच निघतात, गर्दीची भीती घालू नका. मोठे दोघं आले तर उत्तम. नाही आले तर बाल्टिमोरमध्ये कार्टर नव्हते तरी डिबेट झालीच होती. त्यांचे पोडियम मांडून ठेवा, नावाच्या पाटीसकट, समोर पाण्याचा ग्लास ठेवून.

सभागृह शोधायला लांब जाऊ नका. पीटर्सबर्गमध्ये व्हर्जिनिया स्टेटचं तुमच्याकडून येणं बाकी आहे. मी मिशिगनहून गाडी चालवत येईन, आणि या वेळी तिकीट आधी मागून ठेवते.

कळावे,
एक मतदार
लान्सिंग, मिशिगन